गज, गळा आणि गजाननबुवा

गजानं वाजणाऱ्या वाद्यांना पडदे नसतात. सतारीला पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात. सूर कुठं आहे हे तिथं वाद्यच सांगतं. सारंगीत, व्हायोलिनमध्ये किंवा व्हायोलिनचा थोरला भाऊ जो चेलो त्यात ही सोय नाही. बोट केसभर सरकलं की सूर गेला. सूर आधी कानात पक्का असावा लागतो, मग तो बोटात उतरतो. म्हणून ही वाद्यं शिकायला अवघड आणि शिकवायला त्याहून अवघड. बोट कुठं ठेव हे शिष्याला दाखवता येतं. काय ऐक, हे दाखवता येत नाही. ते वर्षानुवर्षं समोर बसवून घडवावं लागतं.

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते या दोन्ही अवघड कामांत आयुष्यभर राहिले. पंडित गजानन अनंत जोशी, म्हणजे संगीतातल्या मंडळींचे गजाननबुवा. जन्म मुंबईत, ३० जानेवारी १९११ चा. निधन २८ जून १९८७ रोजी. ते गायक होते, व्हायोलिनवादक होते आणि या दोन्हींपेक्षा कदाचित मोठे शिक्षक होते. आजच्या तरुण श्रोत्याला त्यांचं नाव चटकन आठवणार नाही. पण त्यानं आवडीनं ऐकलेल्या एखाद्या गवयाच्या तानेत बुवा बसलेले असतात, हे त्याला ठाऊक नसतं. शिक्षकाचं यश बहुधा असंच असतं.

मी परंड्याचा. कविता लिहितो, शिक्षण बी.ए.पर्यंत. संगीतावर अधिकारानं बोलावं असं माझ्याकडे काही नाही. तरी बुवांची कारकीर्द मला पुनःपुन्हा विचार करायला लावते. तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे. विद्या कोणाची असते? ज्याच्या घरात ती जन्मली त्याची, की जो तिच्यासाठी घाम गाळतो त्याची? मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. त्याचं उत्तर मला साहित्याच्या व्यासपीठावर सापडलं नाही. ते गाण्याच्या इतिहासात सापडलं.

आधी वाद्याची थोडी हकिकत सांगतो. सारंगी ही आपल्याकडची जुनी. आतड्याच्या तीन मुख्य तारा आणि त्यांच्याखाली झंकारणाऱ्या तीसहून जास्त तरफा. बोटाच्या पेरानं नव्हे, नखाच्या मुळाशी तार दाबून ती वाजते. वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात. माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळचं वाद्य म्हणून तिचं कौतुक झालं, आणि तरीही तिच्या वाट्याला मान कमीच आला. त्याचं कारण मी पुढे सांगणार आहे.

व्हायोलिन युरोपातून आलं. दक्षिणेत मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर यांनी ते इंग्रजांच्या बँडवाल्यांचं ऐकून उचललं आणि कर्नाटक संगीतात रुजवलं. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातली. आपल्या बाजूला ते गोव्यातून आलं. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तिथून वादकांच्या पिढ्या मुंबईत आल्या आणि हॉटेलं, नाचाचे हॉल, मग सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनी भरून टाकले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं मोठं नाव. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणणारी मोठी मैफल मुंबईत केली. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या कितीतरी गाण्यांमागे जो खोल, जड, हुरहुर लावणारा सूर ऐकू येतो तो चेलोचा. आपण गायिकेचं नाव लक्षात ठेवतो, संगीतकाराचं ठेवतो. चेलो वाजवणाऱ्याचं नाव तबकडीवर नसायचंच.

रागदारीच्या बैठकीत मात्र चेलोला यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. अमेरिकेच्या नॅन्सी लेश यांनी रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे शिकून चेलोवर ध्रुपद वाजवलं. डागरसाहेबांचं गुरुकुल आपल्या पनवेलजवळच्या पळस्प्याला. नेदरलँड्सच्या सास्किया राव-द हास यांनी चेलो लहान करून घेतला, त्याला जादा तारा आणि तरफा बसवल्या आणि जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल असा केला. व्हायोलिननं हाच प्रवास कितीतरी आधी केला होता. पाश्चात्य वादक उभा राहून हनुवटीखाली व्हायोलिन धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवतो आणि तारा षड्ज-पंचमात मिळवतो. वाद्य तेच, पण बसण्याची तऱ्हा बदलली आणि डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा झाला. हात मोकळा झाला म्हणून मींड आली. मींड आली म्हणून ते गाऊ लागलं.

आता बुवांच्या घराकडे येऊ. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा. मूळ सातारा जिल्ह्यातल्या किन्हईचे. जन्म १८८१ चा. गाणं शिकले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. महाराष्ट्रात ग्वाल्हेरचा ख्याल आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते हेच बाळकृष्णबुवा. त्या काळात गाणं शिकण्यासाठी तरुण माणूस घर सोडून उत्तरेत जाई, गुरूच्या घरी पडेल ते काम करी आणि सवडीनं कानावर पडेल ते जपून ठेवी. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेर परंपरेचे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून विद्या मिळवली. वासुदेवबुवा कोणाचे शिष्य? हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या ग्वाल्हेरच्या बंधूंच्या घराचे.

ही साखळी जरा थांबून पाहावी अशी आहे. ग्वाल्हेरच्या दरबारातल्या मुसलमान उस्तादांकडून ती एका मराठी ब्राह्मणाकडे आली, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, आणि तिथून मिरज, इचलकरंजी, औंध, पुणे, मुंबई अशी पसरली. विष्णु दिगंबर पलुस्कर हेही बाळकृष्णबुवांचेच शिष्य. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं शाळेच्या बाकावर आणून बसवलं. महाराष्ट्रात ज्याला आपण घरंदाज मराठी गायकी म्हणतो, तिच्या मुळाशी असे किती हात आहेत!

अंतुबुवा औंध संस्थानच्या आश्रयाला होते. औंध हे छोटं संस्थान, पण त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि कलांचे जाणकार. १९३९ साली त्यांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली. अशा गावाशी जोडलेल्या घरात गजाननबुवा वाढले. वडिलांची तालीम करडी होती. अंतुबुवांना पुढे १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला आणि १९७२ मध्ये तोच सन्मान मुलालाही मिळाला. बापलेक दोघांनाही हा मान मिळाल्याची उदाहरणं मोजकीच असतील.

गळा वडिलांनी घडवला. व्हायोलिनचं मात्र तसं नाही. बुवांनी ते मुख्यतः स्वतःच्या हिमतीवर कमावलं. व्हायोलिन गुरूशिवाय कसं येतं? माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं उत्तर सोपं आहे. बुवांना व्हायोलिन शिकायचंच नव्हतं, त्यांना व्हायोलिनवर गायचं होतं. बंदिश गळ्यात होती, तान गळ्यात होती. बोटांना फक्त गळ्याच्या मागं जायचं होतं. आणि गज म्हणजे श्वास. गवई जिथं दम घेतो तिथं गज उलटतो. ज्याला श्वास कुठं घ्यायचा हे कळलं त्याला गज कुठं उलटायचा हे कळतं. तबल्याचीही रीतसर तालीम त्यांनी घेतली होती. त्यामुळे लयीवर विलक्षण हुकमत आली. पुढं तालयोगी म्हणून ओळखले गेलेले पंडित सुरेश तळवलकर लयीची नजर देणाऱ्यांमध्ये बुवांचं नाव घेतात ते यामुळेच.

एवढ्यावर दुसरा कुणी समाधान मानून राहिला असता. घरची ग्वाल्हेर गायकी, दरबाराशी नातं, हातात नवं वाद्य. बुवा मात्र पुन्हा शिष्य झाले. एकदा नव्हे, अनेकदा. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे ते गेले. मग कोल्हापूरचे भूर्जी खाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडे.

घराणं हा शब्द आपण सहज वापरतो. पण त्या काळात घराणं म्हणजे घरच होतं. त्याला उंबरा होता, कडी होती. ग्वाल्हेरचा रस्ता सरळ. राग ओळखीचा, बंदिश ठसठशीत, मांडणी स्वच्छ. आग्र्याचा थाट वेगळा. तिथं ध्रुपदाच्या वळणाची नोमतोम, भरदार आवाज आणि शब्दांना लयीशी झुंजवणं. जयपूर-अत्रौलीचं आणखी वेगळं. अनवट आणि जोडराग, विलंबित नव्हे पण संथ चालणारी लय, आणि एका आवर्तनात वळणं घेत समेवर येणारी गुंतागुंतीची तान. या तीन वाटा एका गळ्यात आणणं म्हणजे तीन भाषांत कविता लिहिण्यासारखं. शब्द पाठ होतात. प्रत्येक भाषेचा विचार वेगळा असतो, तो अंगवळणी पडायला जन्म लागतो.

बुवांनी या तिन्हींची भेसळ केली नाही, हे मला विशेष वाटतं. त्यांच्या शिष्यांच्या गाण्यात आजही हे दिसतं. ग्वाल्हेरची बंदिश ग्वाल्हेरसारखी येते, जयपूरचा राग जयपूरच्या चालीनं चालतो. ज्याचं त्याला द्यायचं. घेतलेलं आपलं म्हणायचं, पण कुणाकडून घेतलं ते विसरायचं नाही. हा प्रामाणिकपणा कलेत दुर्मीळ असतो.

भूर्जी खाँ हे उस्ताद अल्लादिया खाँ यांचे धाकटे चिरंजीव. अल्लादिया खाँ उत्तरेतून कोल्हापूरला आले, छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी राहिले. त्यांच्याकडे शिकून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या दोघी गानतपस्विनी झाल्या. भूर्जी खाँसाहेबांनी धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर घडवले, आणि गजाननबुवांनाही विद्या दिली. १९५० साली त्यांचं निधन झालं. विलायत हुसेन खाँ हे बंदिशी रचत. त्यांचं रचनेतलं नाव ‘प्राणपिया’. आग्र्याच्या या मुसलमान उस्तादाची लेखणी व्रजभाषेत चाले. कवी म्हणून मला हे नाव फार जवळचं वाटतं. त्यांना कुणी विचारलं असेल का, की खाँसाहेब, तुम्ही व्रजभाषेत कसं काय लिहिता? गाण्याच्या बैठकीत असला प्रश्न पडत नाही. तिथं एवढंच बघतात, की बंदिश बसली का.

पण सगळंच असं गोड होतं असं म्हणून मी थांबलो तर ते खरं होणार नाही. या कहाणीला दुसरी बाजू आहे आणि ती सारंगीची आहे.

सारंगी वाजवणारे बहुतेक मुसलमान, आणि त्यांतले बरेच पिढीजात साथीदार. तवायफांच्या गाण्याला साथ करणं हा त्यांचा मुख्य चरितार्थ. विसाव्या शतकात गाणं प्रतिष्ठित घरांत आलं, शाळांत आलं, मुलींच्या शिक्षणात आलं. कोठे बंद पडत गेले. रेडिओनंही एका काळात तिथल्या गायिकांना दार लावून घेतलं. गाणं शुद्ध करायचं म्हणता म्हणता ज्यांनी ते पिढ्यान् पिढ्या सांभाळलं त्यांनाच बाहेर ठेवलं गेलं. त्यांच्याबरोबर सारंगीवालाही बाहेर गेला. साथीला सोपी म्हणून हार्मोनियम आली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा सारंगीला थोडी उसंत मिळाली. ही बंदी १९७१ मध्ये सैल झाली. तोवर बापानं मुलाच्या हाती सारंगी देणं बऱ्याच घरांत थांबलं होतं.

मराठी रंगभूमीनं मात्र सारंगीला मोठ्या सन्मानानं वागवलं, हे नोंदवायला हवं. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा बसत. नाट्यगीताचा जो गोडवा आपल्या आजोबांच्या पिढीनं हृदयात साठवला, त्यात कादरबक्षांच्या गजाचा वाटा मोठा आहे. नंतर पंडित रामनारायण यांनी १९५६ पासून सारंगी साथीच्या जागेवरून उचलून एकलवादनाच्या गादीवर बसवली. मुंबईत राहून त्यांनी शिष्य तयार केले. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर सारंगीचा केवढा भार होता!

मग मी व्हायोलिनला सारंगीची सवत म्हणू का? म्हणणारे म्हणतात. सारंगी बदनाम म्हणून सभ्य घरांनी व्हायोलिन जवळ केलं, असा त्यांचा मुद्दा. त्यात तथ्य नाही असं नाही. पण बुवांच्या बाबतीत तो पुरता लागू पडत नाही. ज्याला फक्त सभ्य वाद्य हवं असतं तो उस्तादाच्या दारात शिष्य म्हणून जाऊन बसत नाही. बुवा नाव झाल्यावर गेले, वय झाल्यावर गेले, आणि मांडी घालून खाली बसले.

बुवा आकाशवाणीतही होते. आज रेडिओ म्हटलं की गाणी आणि जाहिराती आठवतात. पण संस्थानं विलीन झाल्यावर दरबार संपले, आणि शेकडो गवयी-वादक एका फटक्यात निराधार झाले. तेव्हा त्यांना सावली दिली ती आकाशवाणीनं. महिन्याचा पगार किंवा ठरलेले कार्यक्रम, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावोगावचा श्रोता. संस्थानाच्या दिवाणखान्यात शंभर माणसं ऐकत. रेडिओवर पहाटेचा राग परंड्यासारख्या ठिकाणीही पोचला. आमच्याकडे ना संगीत सभा, ना तिकिटाची मैफल. उरुसातली कव्वाली, सप्ताहातलं भजन, लग्नातली सनई, आणि बाकी सगळं रेडिओ. भैरव पहाटेचा आणि मारवा संध्याकाळचा, हे मला कुठल्या गुरूनं सांगितलं नाही. निवेदकानं सांगितलं. आमच्यासारख्यांचा उस्ताद म्हणजे ती बॅटरीवर चालणारी पेटीच.

बुवांच्या शिष्यांची यादी वाचली तर महाराष्ट्राचा नकाशा समोर येतो. पंडित उल्हास कशाळकर हे त्यातलं सर्वांना परिचित नाव. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे. राम मराठे आणि गजाननबुवा या दोघांची तालीम त्यांना लाभली. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांवर ज्यांचा सारखा अधिकार मानला जातो असे ते गवई, आणि ही त्रिवेणी कुठून आली ते आता आपल्याला ठाऊक आहे. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे बंधू अरुण कशाळकर, वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर, शुभदा पराडकर, अशा कितीतरी जणांना बुवांनी शिकवलं. घरात मुलगा मधुकर जोशी यांनी व्हायोलिन पुढं नेलं, नातींनी गाणं नेलं.

या यादीत बायकांची संख्या पाहा. अंतुबुवांच्या तरुणपणी घरंदाज मुलीनं गाणं शिकणं हा चर्चेचा विषय होता. एका पिढीत केवढा बदल झाला! आणि भूर्जी खाँकडून मिळालेलं बुवांनी या मुलींना दिलं, विलायत हुसेन खाँकडून मिळालेलं दिलं, काही हातचं राखलं नाही. हातचं राखणारे गुरू त्या काळी कमी नव्हते. खास चीज शेवटच्या आजारापर्यंत जपून ठेवायची आणि मग सोबत घेऊन जायची, अशाही गोष्टी ऐकू येतात.

आता मघाच्या प्रश्नाकडे येतो.

आमचा परंडा निजामाच्या राज्यातला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा उस्मानाबाद होता, २०२३ पासून तो धाराशिव झाला. माझे अब्बा शाळेत उर्दू शिकले, मी मराठी शिकलो. घरात दख्खनी, गल्लीत मराठी. शाळेत एक गुरुजी होते. ते आमच्याकडून ओव्या पाठ करून घेत आणि उच्चार चुकला की पुन्हा म्हणायला लावत. माझं नाव वेगळं म्हणून त्यांनी मला कधी सूट दिली नाही आणि कधी वेगळं कौतुकही केलं नाही. मला वाटतं, मला मिळालेला सर्वांत मोठा मान तोच.

पुढे कविता छापून येऊ लागल्या. एका संमेलनात एका गृहस्थांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, “तुम्ही मराठी फार छान बोलता हो!” त्यांचा हेतू चांगलाच होता. पण मराठीत जन्मलेल्या माणसाला मराठी छान बोलता म्हणायचं म्हणजे त्याला पाहुणा करायचं. दुसरीकडे आमच्यातलेही काही विचारतात, “उर्दू मे क्यूं नहीं लिखते?” दोघांचा समज एकच. भाषा रक्तातून येते.

मी दोघांनाही गजाननबुवांची साखळी सांगतो. हद्दू-हस्सू खाँ, वासुदेवबुवा, बाळकृष्णबुवा, अंतुबुवा, गजाननबुवा. मग भूर्जी खाँ आणि विलायत हुसेन खाँ, आणि त्यांच्यापुढे विदर्भातला, मुंबईतला, कुठलाही शिष्य. यात कुणाचं रक्त कुणाशी जुळतं? जुळतो तो सूर. बुवांनी ख्याल गायला तेव्हा त्यांना कुणी म्हटलं नाही, की हे तर मुसलमानांचं, तुम्ही छान गाता हो. मग श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला, पेशवाईत सगनभाऊंनी लावण्या रचल्या, आमच्या शेजारच्या बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारली, त्याचंच आश्चर्य का वाटावं?

तरीही सारंगीची आठवण मला सोडत नाही. विद्या सगळ्यांची, हे म्हणणं सोपं आहे. पण ती देणाऱ्याचं घर पुढे उजाड झालं तर त्या बोलण्याला काही अर्थ उरत नाही. आज रागसंगीताच्या सभागृहात बसलेले श्रोते, मंचावरचे कलावंत आणि आयोजक यांची नावं पाहिली की मला कादरबक्षांच्या जातकुळीचे वादक आठवतात. त्यांची नातवंडं आज काय करत असतील? ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या मुलांनाही तेच शिकता यावं, एवढी जबाबदारी घेणाऱ्यावर येते. बुवांनी शिष्य निवडताना दार उघडं ठेवलं. ते दार सगळ्या बाजूंनी उघडं आहे की नाही, हे आता आपण बघायचं.

परंड्याच्या किल्ल्याची एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. विजापूरच्या बुरुजावर आज जी अजस्र मुलुखमैदान तोफ आहे ती एकेकाळी आमच्या किल्ल्यात होती. अहमदनगरला १५४९ साली महंमद बिन हुसेन रूमी या कारागिरानं ती ओतली. मग ती परंड्यात आली आणि १६३२ मध्ये आदिलशाहीच्या लोकांनी ती विजापूरला ओढून नेली. तोफ नेली तेव्हा परंड्याकडे काही उरलं नाही. मालमत्तेचं असंच असतं. एकाकडे गेली की दुसऱ्याकडून जाते. भूर्जी खाँनी गजाननबुवांना राग दिला तेव्हा कोल्हापूरचं घर रिकामं झालं नाही. खाँसाहेबांचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ, म्हणजे कोल्हापूरकरांचे बाबा, यांनी घराण्याच्या चिजा जिवापाड जपल्या आणि मागेल त्याला दिल्या. राग दोन्हीकडे राहिला.

औंधला दत्ताच्या देवळात दरवर्षी दिवाळीच्या आधी संगीत महोत्सव होतो. अंतुबुवांचे गुरू स्वामी शिवानंद यांच्या स्मरणार्थ जोशी घराण्यानं तो १९४० मध्ये सुरू केला. बुवा गेल्यावर शिष्यांनी आणि घरच्यांनी तो चालू ठेवला. मोठ्या शहरातल्या महोत्सवांसारखा तिथं झगमगाट नसतो. गवई खेडेगावच्या माणसांसमोर बसून गातो, आणि ती माणसं रात्रभर ऐकतात. ज्यांना जमेल त्यांनी एकदा जावं. आणि जमलं तर आपल्या गल्लीतला एखादा पोरगा बरोबर न्यावा, ज्याच्या घरात कधीकाळी सारंगी होती आणि आता फक्त तिची गोष्ट उरली आहे.